कुबरनेटीस समूहातील घटकांची आवृत्ती-सुसंगती

अनेक संगणकांवर कंटेनर चालविणे व त्यांवर देखरेख ठेवणे हे कुबरनेटीस या प्रणालीचे कार्य होय. तिची १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे घटक एकाच वेळी अद्ययावत होत नसल्याने त्यांच्या आवृत्त्यांचा मेळ पाहणे आवश्यक ठरते.

ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यांना २०२० पर्यंत धावलेल्या श्योपूरच्या छोट्या गाडीचे उदाहरण द्यावे. तिच्या रुळांमधील अंतर ६१० मिलिमीटर होते, ब्रॉडगेजचे १६७६. तेथील विसंगती डोळ्यांना दिसते. आवृत्त्यांमधील विसंगती बहुधा बिघाड झाल्यावरच कळते.

या समूहात घटकांचा परस्परसंपर्क एपीआय सर्व्हरमार्फत होतो. नवा सर्व्हर काही काळ जुन्या पद्धतीची विनंती स्वीकारतो. जुन्या सर्व्हरला मात्र नवी विनंती कळेलच असे नाही. म्हणून शेड्यूलर, कंट्रोलर मॅनेजर व कुबलेट हे सर्व्हरपेक्षा नवे नसावेत. पहिले दोन एका उपआवृत्तीने मागे असलेले चालतात. प्रत्येक यंत्रावरील कुबलेटला २०२३ मधील १.२८ पासून तीन उपआवृत्त्यांची सवलत आहे. पूर्वी ती दोन होती.

यावरून अद्ययावत करण्याचा क्रम ठरतो : प्रथम सर्व्हर, मग शेड्यूलर व कंट्रोलर मॅनेजर, शेवटी कुबलेट. सर्व्हरची उपआवृत्ती मध्येच गाळू नये. जुन्या पद्धतींनाही कायमचे अभय नसते. ऑगस्ट २०२१ च्या १.२२ मध्ये इनग्रेसचे बीटा रूप वगळण्यात आले.

हा क्रम पाठ करून घेण्यापेक्षा कोण कोणाकडे विनंती करतो, हे फळ्यावर आकृतीने दाखवावे. विद्यार्थी क्रम स्वतःच मांडतील.