नकाशात शेत हिरवे, तरीही पीक ताणात? उपग्रह काय दाखवतो, काय नाही

ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली, की सोयाबीन उत्पादकांसमोर एकच प्रश्न असतो. विहिरीतले मोजके पाणी आता द्यायचे, की थांबायचे? 2023 च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यात अनेकांवर ही वेळ आली होती. अशा वेळी मोबाईलवरील उपग्रह नकाशात शेत हिरवे दिसते म्हणून निर्धास्त राहू नका.

पाणी कमी पडू लागले की पीक आधी पर्णरंध्रे मिटून घेते. कार्बन डायऑक्साइड आत येणे घटते आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. हरितद्रव्य मात्र अजून शाबूत असते. बहुतेक ॲपमधील एनडीव्हीआय नकाशा पिकावरून परावर्तित होणारा लाल व निअर इन्फ्रारेड प्रकाश यांची तुलना करून बनतो. त्यातून पानांचा पसारा आणि हिरवेपणा कळतो. पान काम करते की नाही, हे कळत नाही. हा निर्देशांक उतरेपर्यंत फुलोऱ्यातील सोयाबीनची फूलगळ सुरू झालेली असू शकते. शिवाय पिकाने जमीन दाट झाकली, की तो 0.8 ते 0.9 च्या आसपास अडकतो.

प्रकाशसंश्लेषणाच्या अधिक जवळ जाणारी खूण म्हणजे हरितद्रव्याचे प्रस्फुरण. पानाने शोषलेल्या प्रकाशापैकी साधारण 1 ते 2 टक्के प्रकाश हरितद्रव्य 650 ते 800 नॅनोमीटर तरंगलांबीत परत सोडते. ताणात त्याचे प्रमाण बदलते. ओसीओ-2 आणि सेंटिनेल-5पी या उपग्रहांच्या नोंदींतून ते मोजता येते. पण त्यांचा एक ठिपका काही चौरस किलोमीटरचा असतो. तालुका-जिल्ह्याचा अंदाज घेण्यासाठी ते ठीक, तुमच्या गटासाठी नाही.

शेतपातळीवर उपयोगी पडते ते तापमान. बाष्पोत्सर्जनामुळे पान थंड राहते. पर्णरंध्रे मिटली की तापते. लँडसॅटचा औष्णिक ठिपका 100 मीटरचा, म्हणजे सुमारे अडीच एकरांचा. लहान क्षेत्रासाठी हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर बरा. निरभ्र दिवशी दुपारी 1 ते 2 च्या दरम्यान, उघडी जमीन टप्प्यात येणार नाही अशा बेताने तो तिरका धरून पाने मोजा. ठिबकच्या गळतीजवळ किंवा पाटालगत भरपूर ओल असलेल्या झाडांशी तुलना करा. नुसत्या एका आकड्याला अर्थ नाही, दोन जागांतील फरक पाहायचा.

सेंटिनेल-2 ची 10 मीटरची प्रतिमा साधारण 5 दिवसांनी मोफत मिळते. एका एकरात असे सुमारे 40 ठिपके बसतात; बांधाकडेचे सोडून द्या, त्यात झाडे आणि रस्ता मिसळतो. खरिपात ढगांमुळे अनेक प्रतिमा वाया जातात, ढगांची सावली तर ताणासारखीच दिसते. म्हणून एक तारीख पाहून निर्णय नको.

नकाशात मागे पडलेला पट्टा दिसला, की तिथे जाऊन पाने पाहा. दुपारी सोयाबीनची पाने उलटून फिकट बाजू वर दिसत असेल, तर वीतभर खोल माती उकरून मूठ वळा. ओल नसेल आणि पीक फुलोऱ्यात किंवा शेंगा भरण्याच्या अवस्थेत असेल, तर संरक्षित पाणी तिथे आधी द्या. ओल असूनही पाने पिवळी असतील, तर कारण पिवळा मोझॅक, खोडमाशी किंवा अन्नद्रव्यांची कमतरता असू शकते. तिथे पाणी देऊन उपयोग नाही. झाड उपटून खोड चिरून पाहा.