बालवाडीतील स्वमग्न मूल आणि शिक्षकांची भूमिका

घंटा वाजताच कानांवर हात ठेवणारे, नावाने हाक मारली तरी मान न वळवणारे, खेळण्यातील गाडीचे केवळ चाक फिरवत बसणारे मूल बालवाडीच्या एखाद्या वर्गात आढळते. 'हट्टी' असा शिक्का त्याच्यावर सहज बसतो. मात्र अशा वागण्यामागे स्वमग्नता, अर्थात ऑटिझम, असू शकते.

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असून तिचे वर्णन अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. पालकांच्या संगोपनातील दोषामुळे ती उद्भवत नाही. संवाद साधण्यात व इतरांमध्ये मिसळण्यात अडचण, त्याच त्या कृतीची पुनरावृत्ती आणि आवाज, प्रकाश वा स्पर्शाबाबत वेगळी संवेदनशीलता ही तिची प्रमुख लक्षणे होत. प्रत्येक मुलात त्यांचे स्वरूप व तीव्रता वेगळी असते.

चित्रांचा आधार

उच्चारलेला शब्द क्षणात विरून जातो, चित्र मात्र समोर राहते. याच विचारावर आधारलेला 'टीच' हा कार्यक्रम अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने १९७२ साली सुरू झाला. प्रार्थना, खेळ, हात धुणे, खाऊ, घरी जाणे अशी चित्रे भिंतीवर क्रमाने लावल्यास पुढे काय होणार हे मुलाला कळते आणि त्याची अस्वस्थता कमी होते. त्यासाठी पुठ्ठा व रंगीत खडू पुरेसे असतात.

न बोलणारे मूल पाण्याचे चित्र शिक्षकांच्या हाती देऊन पाणी मागू शकते. चित्रांची सवय लागल्यास मूल बोलणारच नाही, ही भीती निराधार आहे.

सूचना थोडक्यात व थेट असाव्यात. 'पळू नकोस' याऐवजी 'हळू चाल' असे सांगावे व उत्तरासाठी काही क्षण थांबावे. एक खेळ संपवून दुसरा सुरू करण्यापूर्वी पूर्वकल्पना द्यावी. गोंगाट असह्य झाल्यास बसण्यासाठी वर्गात एक शांत कोपरा राखून ठेवावा. अशा वेळी मुलाचे रडणे वा ओरडणे हा हट्ट नसतो; शिक्षेने ते थांबत नाही, उलट वाढते.

घरची भाषा सोडू नये

इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांतील मराठी कुटुंबांत घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असते. मूल उशिरा बोलू लागल्यास घरी मराठी बंद करण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. परंतु दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलांच्या भाषाविकासात अडथळा येतो, असे संशोधनात आढळलेले नाही. आजी-आजोबांशी जोडणारी भाषाच तोडल्यास मूल अधिक एकाकी पडण्याचा धोका असतो.

कायद्यातील पोकळी

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. मात्र या कायद्यानुसार मोफत शिक्षणाचा हक्क किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना आहे. ज्या वयात मदतीचा सर्वाधिक उपयोग होतो, ती ३ ते ६ ही वर्षे त्याबाहेर राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या वयोगटाला शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात सामावून घेतले, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तथापि, धोरण म्हणजे हक्क नव्हे.

त्यामुळे शिक्षिका व अंगणवाडी सेविकांची सजगता निर्णायक ठरते. निदान करणे हे त्यांचे काम नाही. मूल हाकेला प्रतिसाद देते का, बोट दाखवून वस्तू मागते का, याची तारखेनिशी नोंद ठेवून त्यांनी ती पालकांना विश्वासात घेऊन सांगावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत तपासणी करून बालकांना जिल्हास्तरीय केंद्रांकडे पाठवण्याची सोय आहे. 'मोठेपणी आपोआप सुधारेल' म्हणून वाट पाहण्यात गेलेली दोन-तीन वर्षे पुढे भरून काढणे कठीण जाते.