खुर्चीही पाठ धरते

ओझे उचलताना पाठ धरते, हे सर्वांना ठाऊक आहे. नुसते बसूनही धरते, हे मात्र पटवून द्यावे लागते.

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर स्पर्धा परीक्षांचे क्लास ओळीने आहेत. क्लास सुटला की मुले महिन्याची फी भरून ‘लायब्ररी’त बसतात. तिथे पुस्तके नसतात. फळीचा आडोसा, टेबल, खुर्ची आणि दिवा एवढेच. माझा पुतण्या तिथे दिवसाचे दहा तास बसे. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची उजव्या हाताची बोटे बधिर होत होती आणि तो थंडीला दोष देत होता. मी पीटीचा शिक्षक. हाताआधी मी त्याची जागा पाहिली. टेबल कोपरापेक्षा चार बोटे उंच, म्हणून खांदे सतत चढलेले. पुस्तक सपाट, म्हणून मान वाकलेली. टेबलाची धार मनगटात रुतलेली. दुखणे थंडीचे नव्हते. पुस्तकाखाली तिरकी फळी आणि खुर्चीवर जाड बैठक, एवढ्यावर सुरुवात केली आणि त्याला डॉक्टरांकडे पाठवले.

धोका ओळखताना चार गोष्टी पाहाव्यात: जोर किती, शरीर कसे वाकले आहे, तीच हालचाल किती वेळा आणि किती वेळ. कुणाला काही न विचारता दहा मिनिटे नुसते पाहत उभे राहा. आणखी एक खूण म्हणजे जिथे कुणी खुर्चीवर उशी ठेवली आहे किंवा मुठीला चिंधी गुंडाळली आहे, तिथला धोका त्या माणसाच्या शरीराने आधीच शोधलेला असतो.

उचलण्याचे गणित कॅडेटांना आवडेल. अमेरिकेतील निओश या संस्थेच्या 1991 च्या सूत्रात, सगळे अनुकूल असताना, मर्यादा 23 किलो आहे. त्यासाठी ओझे घोट्यांपासून 25 सेंटिमीटरवर हवे. तेच 50 सेंटिमीटरवर गेले की मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. मेसमधले डाळीचे पातेले हात लांब करून उचलणाऱ्याला विचारा.

आपल्याकडे दुखणे लपवणे म्हणजे कणखरपणा, असे काही कॅडेट समजतात. मला ते मान्य नाही. सैनिकांच्या पायाच्या सुजेचे वर्णन प्रशियाच्या ब्राइटहाउप्ट या लष्करी डॉक्टराने 1855 मध्येच केले होते. ती सूज पुढे चालून चालून हाडाला गेलेल्या बारीक तड्याची निघाली. तो तडा दुर्लक्षाने वाढतो. मुंग्या येणे, रात्री झोपमोड करणारी वेदना, एकाच जागी बोट ठेवता येईल असे दुखणे, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी एमआय रूम गाठा. पालकांनीही सुट्टीत घरी आलेल्या मुलाचे टेबल एकदा कोपराशी मोजून पाहावे.