कापडी पिशवी, पेट्रोलची टाकी

एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो. जळल्यावर मात्र त्यातून सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून हे वजन वाढते. शहरात लिटरला 15 किलोमीटर धावणारी मोटार प्रत्येक किलोमीटरला 150 ग्रॅम वायू सोडते. कापडी पिशवी घेऊन दोन किलोमीटरवरच्या बाजारातून सेंद्रिय भाजी आणायला मोटार काढली, तर जाऊन-येऊन 600 ग्रॅम झाले. पाच-सहा ग्रॅमची प्लॅस्टिकची पिशवी तयार होताना सुटणारा वायू याच्यापुढे किरकोळ ठरतो. महाराष्ट्रात 2018 साली आलेली प्लॅस्टिकबंदी यामुळे चुकीची ठरत नाही. प्लॅस्टिकने तुंबणारी गटारे हा वेगळाच प्रश्न आहे.

जवळची फेरी तर आणखी महागात पडते. थंड इंजिन जास्त इंधन पिते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. इंजिन पूर्ण तापेपर्यंत बाजार आलेला असतो! शिवाय सत्तर किलोच्या माणसासाठी जवळपास टनभर लोखंड हलवावे लागते.

दोष एकट्या चालकाचा नाही. फुटपाथ अडलेले, बस बेभरवशाची, नवी वसाहत गावाबाहेर. अशा ठिकाणी मोटार ही सोयीपेक्षा सक्तीच असते.

विजेवरची मोटार धूर सोडत नाही, पण भारतातली बहुतांश वीज अजून कोळशावर तयार होते. टायरची झीज आणि रस्त्यावरची अडवलेली जागा इंधन बदलल्याने कमी होत नाही.