डिझेल पंप व नोझल : दुरुस्ती करावी की नवीन टाकावे?

भिवंडीहून सुताच्या गोण्या भरून मालेगावकडे निघालेला ट्रक कसाऱ्याचा घाट चढतो, इगतपुरी ओलांडतो आणि घोटीला येतो. गाडीत काही दोष असेल तर तो या चढावरच उघडा पडतो. पिकअप जातो, मागे काळा धूर सुटतो आणि डिझेलचा काटा नेहमीपेक्षा लवकर खाली येतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि बोगद्याची वाट मिळाली. तरी जुन्या घाटाने जाणाऱ्या गाड्या आजही पुष्कळ आहेत.

अशी गाडी गॅरेजला लागली की मालकाला दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "पंप, नोझल सगळे नवीन टाका." दुसरा म्हणतो, "साफ करून देतो, चालवा अजून वर्षभर." पहिल्यात पैसा वाया जाण्याची भीती आहे, दुसऱ्यात इंजिन. आम्ही कापडाच्या व्यापारातले. पाना हातात धरणे हे आमचे काम नव्हे. परंतु ज्याचा माल आणि पैसा ट्रकवर फिरतो, त्याला या दोन सल्ल्यांतून निवड करता आली पाहिजे. निवडीचा नियम सोपा आहे. आधी माप घ्यावे, मग खर्च करावा.

यंत्रणा कशी चालते?

टाकीतले डिझेल फीड पंप ओढतो, फिल्टर ते गाळतो आणि इंजिनाला बसवलेला डिझेल पंप ते दाबाने नोझलकडे पाठवतो. जुन्या ट्रकांत सहा सिलिंडरचे इंजिन असेल तर पंपात सहा एलिमेंट असतात. एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि बॅरल यांची जोडी. या जोडीतील फट दोन ते चार मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून काम किती बारीक आहे ते समजावे. इतक्या फटीत डिझेल हेच वंगणाचेही काम करते. त्यात धूळ, पाणी किंवा भेसळ आली की दोन्ही पृष्ठभाग घासले जातात.

नोझलचे कामही तसेच आहे. त्यातील सुई ठरावीक दाब येताच उचलली जाते आणि डिझेल धुक्यासारखे फवारले जाते. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत हा दाब साधारण २०० ते २५० बार असतो. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक नोझल मिनिटाला १,००० वेळा उघडते व बंद होते. आठ तासांच्या प्रवासात हा आकडा ४ लाख ८० हजार होतो. म्हणून नोझल झिजणे हा बिघाड नसून त्याचे वयोमान आहे. ते वेळेवर ओळखले नाही तर मात्र बिघाड होतो.

झीज किती महाग पडते?

समजा गाडी लिटरला ४ किलोमीटर देते आणि महिन्याला ६,००० किलोमीटर चालते. तिला १,५०० लिटर डिझेल लागेल. ॲव्हरेज साडेतीनवर आला तर तेवढ्याच अंतराला सुमारे १,७१४ लिटर लागेल. म्हणजे २१४ लिटर जादा. लिटरला ९० रुपये धरले तरी महिन्याला १९ हजारांहून अधिक रक्कम धुरात जाते. हे पैसे कोणत्याही बिलावर दिसत नाहीत, म्हणून मालकाला टोचत नाहीत.

याहून मोठे नुकसान आत होते. सुई नीट बसत नसेल तर नोझल थेंब थेंब गळते. ते डिझेल पिस्टनच्या डोक्यावर जळून त्याला भोक पाडू शकते. जे जळत नाही ते सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला तर गाडी पुढे नेऊ नये. एका नोझलची बचत करताना पूर्ण इंजिन बांधण्याची वेळ येते.

दोष कुठे आहे ते आधी पाहावे

धूर दिसला की लगेच पंप उतरवू नये. काळा धूर एअर फिल्टर तुंबल्यानेही येतो. पांढरा धूर टायमिंग मागे गेल्याने किंवा कॉम्प्रेशन कमी झाल्याने येतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. तिथे नोझल बदलून काहीही होणार नाही. स्वस्त गोष्टी आधी तपासाव्यात : एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टाकीची जाळी, पाइपचे जोड, टॅपेट. गाडी एअर घेत असेल तर फीड पंपापर्यंतच्या जोडांत कुठेतरी हवा शिरत आहे.

त्यानंतर जुन्या पद्धतीच्या पंपावर एक साधी परीक्षा करता येते. इंजिन आयडलवर ठेवून मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करतो. इंजिनाचा आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत आहे. फरक पडला नाही तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे. मग तेथील नोझल दुसऱ्या सिलिंडरला बसवून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. दोष जागेवरच राहिला तर एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन पाहावे. या अर्ध्या तासाच्या कामात विनाकारण पंप उतरवण्याचा खर्च वाचतो.

येथे एक इशारा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. दाबाने आलेले डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात जाऊ शकतो. असे घडले तर दुखण्याची वाट न पाहता ताबडतोब इस्पितळ गाठावे.

काय दुरुस्त होते, काय बदलावेच लागते?

नोझल टेस्टरवर लावल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : ठरल्या दाबाला उघडते का, फवारा सर्व भोकांतून सारखा येतो का, आणि गळते का. उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार कमी दाब १० सेकंद धरून ठेवला तर टोकाला थेंब लोंबता कामा नये. दाब फक्त कमी झाला असेल तर स्प्रिंग किंवा शिम बदलून तो पुन्हा बसवता येतो. काजळी धरली असेल तर योग्य साधनाने साफ होते. परंतु सुईची बैठक झिजली असेल किंवा भोके मोठी झाली असतील तर नोझल बदलावे. काही जुने मिस्त्री पेस्ट लावून सुई घासून देतात. त्याने गळती काही दिवस थांबते, पण सुईची उचल वाढते आणि दोष परत येतो. तारेने भोक साफ करणे तर त्याहून वाईट, कारण त्याने भोकाचे माप बिघडते.

सुई आणि नोझलचे शरीर ही कारखान्यात जुळवलेली जोडी असते. धुताना एकाची सुई दुसऱ्यात गेली तर दोन्ही नोझले वाया गेली असे समजावे. प्लंजर-बॅरलचेही तसेच. नोझल बसवताना तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा व एकच टाकावा. जुना वॉशर खाली चिकटून राहिला तर नोझल वर उचलले जाते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

एलिमेंट झिजल्याची ठळक खूण म्हणजे गरम गाडी बंद केल्यावर पुन्हा लवकर चालू होत नाही. गरम डिझेल पातळ होते आणि स्टार्टरच्या मंद गतीत झिजलेल्या फटीतून मागे निसटते. झिजलेले एलिमेंट दुरुस्त होत नाही, बदलावेच लागते. पाण्याने एकच जाम झाले असेल तर एकच बदलून चालेल. पण वयाने झिजले असेल तर सहाही सारखेच चालले आहेत. तेव्हा पूर्ण संच आणि सोबत डिलिव्हरी व्हॉल्व्ह टाकणे शेवटी स्वस्त पडते. पंपाची बॉडी, गव्हर्नर आणि फीड पंप मात्र बहुधा दुरुस्त होतात. म्हणून "पूर्ण पंप टाका" या सल्ल्याला लगेच होकार देऊ नये.

पंप उघडला की तो टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट केल्याशिवाय गाडीवर चढवू नये. बेंचवर सहाही काचनळ्यांत डिझेलचे माप सारखे यावे लागते, आयडललाही आणि पूर्ण गतीलाही. हे काम कानाने होत नाही. घाटात जोर मिळावा म्हणून काही ड्रायव्हर पंपाची सील तोडून डिझेल वाढवून घेतात. त्याने इंजिन तापते, धूर वाढतो आणि पिस्टनचे आयुष्य घटते.

खराब डिझेल : खरा शत्रू

इगतपुरी तालुक्यातला पाऊस सर्वांना ठाऊक आहे. टाकीच्या झाकणाचे रबर गेले असेल तर पाणी थेट आत जाते. पावसाळ्यात फिल्टरखालचा नट उघडून पाणी नियमित काढावे आणि टाकी रात्री रिकामी ठेवू नये.

भेसळीचे संकट याहून मोठे. रॉकेलमध्ये वंगणाचा गुण डिझेलपेक्षा कमी असतो, म्हणून ते एलिमेंट खाते. रस्त्याकडेला "बायोडिझेल" म्हणून मिळणारे स्वस्त तेलही विश्वासाचे नाही. आपल्याच जिल्ह्यात, २५ जानेवारी २०११ रोजी, मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाची भेसळ रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. असे तेल विकले जाते, कारण ते विकत घेणारे असतात. चार रुपये वाचवणाऱ्याने याचा विचार करावा.

पेट्रोल पंपावर ग्राहकाला डिझेलची घनता तपासून मागण्याचा हक्क आहे. नोंदवलेल्या घनतेत ३ एककांहून अधिक फरक नसावा. पाच लिटरच्या सरकारी मापातून डिझेल मोजून मागता येते. त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही.

नवीन गाड्यांचे वेगळे

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. आता बहुतेक ट्रक कॉमन रेल पद्धतीचे आहेत. यात दाब १,६०० बारच्या वरही जातो. या गाड्यांवर इंजिन चालू असताना पाइपचा नट सैल करण्याची परीक्षा कदापि करू नये, जीव जाईल. येथे इंजेक्टरच्या परतीच्या डिझेलचे माप घेऊन झीज ओळखतात. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्यावरील कोड संगणकाने गाडीत भरावा लागतो. हाय प्रेशर पंप आतून फुटून धातूचा चुरा झाला असेल तर तो टाकीपासून इंजेक्टरपर्यंत पसरतो. तिथे एकच भाग बदलून भागत नाही. हे काम धुळीतल्या गॅरेजात करून घेऊ नये.

घोटीपासून नाशिक जवळ आहे आणि ही आपली जमेची बाजू आहे. सातपूरच्या मायको कारखान्यात नोझल व इंजेक्टर तयार होतात. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, पण शहरात मायको सर्कल हे नाव आजही तोंडी आहे. या धंद्यात आपल्या समाजाचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. उस्तादाच्या हाताखाली शिकलेली विद्या मोलाची आहेच, पण पुढच्या पिढीला ती पुरणार नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. गॅरेजात काम करणाऱ्या मुलांनी दहावी पूर्ण करून तो करावा आणि संगणकावरील तपासणीही शिकून घ्यावी.

व्यवहार साफ असावा

या कामात ग्राहकाला आतले काही दिसत नाही. म्हणून कारागिराच्या हाती पार्टच्या किमतीहून मोठी अमानत असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. साफ केलेले जुने नोझल नवीन म्हणून देणे हे त्या ओल्या धान्यासारखेच आहे.

तेव्हा दोन्ही बाजूंनी काही नियम पाळावेत :

१) काम सुरू करण्यापूर्वी टेस्टरचे व बेंचचे आकडे मालकाला दाखवावेत आणि कामानंतरचे आकडे लिहून द्यावेत.

२) बदललेले सर्व जुने पार्ट मालकाच्या ताब्यात द्यावेत.

३) पार्ट नवा, दुरुस्त केलेला की जुना, हे बिलावर स्पष्ट लिहावे. नकली माल स्वस्त मिळाला तरी बसवू नये.

४) मालकाने घासाघीस करून कारागिराला नकली पार्टकडे ढकलू नये. मजुरी आधी ठरवावी आणि काम होताच द्यावी.

५) प्रत्येक गाडीची वही ठेवावी : भरलेले डिझेल, किलोमीटर, फिल्टर व नोझल बदलल्याची तारीख. ॲव्हरेज घसरू लागल्याचे वही धुराच्या आधी सांगते.

दुकानात तागा मोजताना हात आखडू नये असे आपण नोकराला सांगतो. डिझेलच्या पंपालाही तेच लागू आहे. माप बरोबर असेल तर मालकाचा पैसा वाचेल, कारागिराचे नाव होईल आणि दोघांच्या कमाईत अल्लाह बरकत देईल.