चासी नंबर एक

कसारा घाट उतरला की मुंबई-नाशिक महामार्ग खर्डी, आटगाव, आसनगाव करत शहापूर तालुक्यातून पुढे जातो. नाशिकच्या कारखान्यात तयार झालेल्या महिंद्रा थारना मुंबईकडे यायचं तर नेहमीची वाट हीच. ट्रेलरवर दोन मजल्यांत बांधून आणलेल्या त्या गाड्यांमध्ये डोळ्यांना फरक दिसत नाही. पत्रा तोच, इंजिन तेच, टायरही तेच. वेगळा असतो तो फक्त चासीवर कोरलेला आकडा.

त्या आकड्याची करामत महिंद्रा कंपनीनेच सप्टेंबर २०२० मध्ये दाखवली. नव्या थारचा बाजारभाव पुढच्याच महिन्यात जाहीर झाला, तो ९ लाख ८० हजारांपासून सुरू होत होता आणि सगळ्यात महाग मॉडेलही पावणेचौदा लाखांवर जात नव्हतं. कंपनीने पहिली गाडी शोरूममध्ये न पाठवता ऑनलाइन लिलावात काढली. बोली २५ लाखांपासून सुरू झाली आणि दिल्लीच्या एका उद्योजकाने १ कोटी ११ लाखांना गाडी घेतली. म्हणजे सगळ्यात महाग थारच्या आठपट! जास्तीचं काय मिळालं? ‘थार #१’ असं लिहिलेला बिल्ला, डॅशबोर्डवर आणि सीटवर १ हा आकडा. पैसे समाजकार्याला गेले आणि कंपनीने तेवढीच भर घातली. २०२४ मध्ये थार रॉक्सची पहिली गाडी अशीच लिलावात निघाली आणि १ कोटी ३१ लाखांना गेली. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये नव्या धाटणीच्या पहिल्या कॉर्व्हेटला ३० लाख डॉलर मिळाले होते. तिची छापील किंमत ६० हजार डॉलरच्या आत होती. तोही पैसा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेला.

मला हे भाव खरे वाटत नाहीत. म्हणजे पैसे खरेच दिले गेले. पण ती गाडीची किंमत नव्हे, देणगी आहे. दान, मिरवणं आणि जाहिरात या तिन्हींची बेरीज. खरी परीक्षा पन्नास वर्षांनी होते, गाडी जुनी झाल्यावर, जेव्हा टाळ्या वाजवायला कोणी नसतं आणि घेणारा फक्त नफा-तोटा बघतो. तेव्हा सुरुवातीच्या नंबरला भाव मिळतो का?

मिळतो, पण कसा मिळतो ते फार मजेशीर आहे. फोर्ड मस्टँगचंच घ्या. १७ एप्रिल १९६४ ला गाडी जगापुढे यायची होती. १००००१ हा पहिला क्रमांक असलेली पांढरी मस्टँग नुसती दाखवण्यासाठी कॅनडात पाठवलेली होती. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स शहरात स्टॅन्ली टकर नावाच्या वैमानिकाला ती आवडली आणि विक्रेत्याने ती चक्क विकून टाकली, तीही अधिकृत तारखेच्या तीन दिवस आधी! फोर्डला चूक कळली तेव्हा टकर गाडी देईना. पुढे दोनेक वर्षांत त्याने ती सुमारे दहा हजार मैल पळवली. शेवटी १९६६ मध्ये सौदा ठरला: पहिली परत द्या, त्या बदल्यात दहा लाखावी घ्या. टकरने घेतली. आज पहिली गाडी हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

गंमत पुढेच आहे. क्रमांक एक म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली गाडी, असं अजिबात नाही. चासी क्रमांक आधी कागदावर वाटले जातात आणि बांधणी सोयीने होते, त्यामुळे मागचा नंबर पुढे निघू शकतो. विक्रीचा हिशेब तर आणखी वेगळा. शिकागोत एका तरुण शिक्षिकेने १५ एप्रिलला निळी मस्टँग घेतली, आणि रीतसर किरकोळ विक्रीतली पहिली म्हणून मान आहे तो तिच्या गाडीला. १००००२ नंबरची गाडी? ती टप न उघडणारी, म्हणून ‘पहिली हार्डटॉप’ ठरली. पहिलेपणाच्या इतक्या जाती आहेत की थोडं डोकं चालवलं तर कोणतीही गाडी कशात ना कशात पहिली निघेल.

कधी कधी तिसरीसुद्धा पहिली होते. १९५३ मध्ये कॉर्व्हेटच्या फक्त ३०० गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या, आत लाल. पहिल्या दोन नष्ट झाल्या असं मानलं जातं. मग उरलेल्यांत सगळ्यात थोरली तीन नंबरची, आणि २००६ च्या लिलावात तिला दहा लाख डॉलर मिळाले. तिने स्वतः काही केलं नव्हतं. थोरल्या दोघी गेल्या, एवढंच.

आकड्याचा हा डौल मात्र फार लवकर ओसरतो. एकला अपार मान, दोन-तीनला बरा, आणि सदतिसाव्या नंबरकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. तरीही शेकड्यातल्या, हजारातल्या काही जुन्या गाड्या महाग विकल्या जातात, आणि माझ्या मते सगळ्यात रंजक मामला हाच आहे. तिथे नंबर नुसता आकडा राहत नाही, तो लोखंडातल्या फरकाचा पुरावा होतो. कोणताही कारखाना पहिल्या दिवशी शहाणा नसतो. तो बनवत बनवत शिकतो, आणि सुरुवातीच्या गाड्यांत ते शिकणं गोठून राहतं. जॅग्वार ई-टाइप १९६१ मध्ये आली तेव्हा पहिल्या सुमारे पाचशे गाड्यांचं बॉनेट बाहेरून चावी लावून उघडावं लागे आणि पायाखालची फरशी सपाट होती. उंच माणसाचे पाय मावेनात, म्हणून पुढे फरशी खोल केली. आज जास्त भाव कोणत्या गाडीला? पाय न मावणाऱ्या गाडीला!

आपल्या जवळचं उदाहरण जीपचं. शहापूरहून डोळखांब-किन्हवलीला, मुरबाडहून टोकावड्याकडे जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेलेल्यांना तिचा इतिहास सांगायला नको; तिचा मूळपुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी. या मॉडेलचे क्रमांक नोव्हेंबर १९४१ मध्ये १००००१ पासून सुरू झाले. पहिल्या जवळजवळ २५,८०० जीपना समोर लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून बनवलेली जाळी होती. मग तशाच जीप बनवणाऱ्या फोर्डने पत्र्यात नऊ खाचा दाबून काढलेली स्वस्त, हलकी जाळी आणली आणि १९४२ मध्ये विलीजनेही तीच घेतली. आज संग्राहक त्या पट्टीवाल्या जीपच्या मागे असतात. म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा मालकाच्या तोंडच्या वयावर विश्वास न ठेवता जबडा उघडून दात बघतो, तसे हे लोक आधी जाळी बघतात आणि मग नंबर विचारतात.

भाव मिळण्याची दुसरी अट त्याहून कडक: त्या नंबरचं सगळं त्या गाडीतच हवं. कारखान्यातून निघताना जे इंजिन होतं तेच आजही असेल तर गाडी ‘मॅचिंग नंबर’. आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. पेट्रोल परवडेना म्हणून देशभर जुन्या जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं. गाडी चालली, धंदा झाला, पोरांची शिक्षणं झाली. त्यात काही वाईट नव्हतं. पण संग्राहकाच्या हिशेबाने तिथेच अर्धी गोष्ट पुसली गेली, मग चासी नंबर कितीही आधीचा असो.

तिसरी गोष्ट वेळ. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या एका इंडियन एअरलाइन्स कर्मचाऱ्याला मिळाली, नंबर डीआयए ६४७९. त्याने ती आयुष्यभर वापरली. २०१० मध्ये तो गेला आणि देशाचं मोटारीशी नातं बदलणारी ती गाडी घराबाहेर गंजत उभी राहिली. नंतर कंपनीने ती दुरुस्त करून मुख्यालयात ठेवली. गाडी पहिल्या दिवसापासून पहिलीच होती, फक्त तिची किंमत कोणाला वाटायची होती. जर्मनीत २०१४ मध्ये एका कोठारात सापडलेल्या पोर्शेचं असंच झालं. पुढचे मडगार्ड गायब, पत्रा सडलेला. पण चासी ३०० ०५७, म्हणजे ९११ या नावाआधी ९०१ म्हणून बनलेल्या मोजक्या गाड्यांपैकी एक. पोर्शे संग्रहालयाने त्या गंजलेल्या सांगाड्याला १ लाख ७ हजार युरो मोजले.

आपल्या लोकांना नंबरची हौस नाही असं कोणी म्हणू नये. फक्त ती दुसऱ्या नंबरची आहे. ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेनुसार मुंबई, ठाणे, पुणे अशा जास्त मागणीच्या आरटीओंत चारचाकीसाठी ०००१ क्रमांकाची फी चार लाखांवरून सहा लाखांवर गेली, आणि तरीही तो घेणारे आहेत. पण तो पाटीवरचा नंबर. त्याने गाडी मालकाला शोभते, जुनी झाल्यावर तिचं मोल वाढत नाही. अपवाद एकच, गाडी शेवटची असेल तर! मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी, एमएच ०१ जेए २५५६, २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पद्मिनी नोंदणीच्या आधीच बनायच्या थांबल्या होत्या, म्हणजे ‘शेवटची’लाही पहिलीसारख्याच जाती आहेत.

तेव्हा शहापूर-मुरबाडकडे एखाद्या वाड्याच्या पडवीत जुनी जीप उभी असेलच, तर घासायच्या आणि रंगवायच्या आधी आरसी बुक काढावं आणि त्यातला इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली आहे. फी २० हजार, मात्र रोजच्या वापराला आणि भाड्याने चालवायला बंदी. विलीज असेल तर तिचा नंबर डाव्या पुढच्या चासीपट्टीच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या छोट्या पत्र्यावर असतो. फोर्डने मात्र आपला नंबर थेट चासीतच ठोकला होता. रिव्हेट छिन्नीने उडवून पत्रा दुसऱ्या गाडीवर लावता येतो, हे जीपवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून जुन्या विलीजचा सौदा करणारा पत्र्यावरचा आकडा वाचून झाला, तरी वाकून त्या रिव्हेटी जुन्या आहेत की नव्या, ते बघतोच.