फूल, दोन पाने आणि एकच वेदी

१९६७ सालच्या जानेवारी महिन्याची १६ तारीख गोव्याच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. त्या दिवशी गोमंतकीय मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडली, तीवर कोणाही उमेदवाराचे नाव नव्हते. तीवर दोनच चिन्हे होती. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे ज्यास वाटे, त्याने फुलास मत द्यावयाचे होते. आणि तो केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा असे ज्यास वाटे, त्याने दोन पानांस. मोजणी झाली तेव्हा दोन पानांच्या बाजूने १,७२,१९१ आणि फुलाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली होती. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोव्याचा प्रश्न सुटला.

प्रश्न सुटला खरा. परंतु माणसे कुठे सुटली होती? फुलाचा मतदार आणि दोन पानांचा मतदार हे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विहिरीवर, त्याच बाजारात आणि त्याच बांधावर समोरासमोर उभे होते. मतपेट्या सीलबंद करून नेता येतात. शेजारी नेता येत नाही. पुढे काय, हा प्रश्न निकालाच्या आकड्यांत नव्हता. तो अंतःकरणातला प्रश्न होता, आणि प्रत्येक निवडणुकीनंतर, प्रत्येक चळवळीनंतर तो आपणां सर्वांपुढे आजही उभा राहतो. म्हणूनच त्या जुन्या मतकौलाची आठवण आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या काळातील वाद साधा नव्हता. १९६१ सालच्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. १९६३ साली पहिली विधानसभा निवडून आली आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे श्री. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणास विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाचे नेतृत्व डॉ. जॅक सिक्वेरा यांजकडे होते. मतकौल निःपक्षपाती व्हावा म्हणून १९६६ च्या डिसेंबरात बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि कारभार राष्ट्रपतींच्या राजवटीखाली गेला.

आता या वादाचे वर्णन ‘हिंदू एका बाजूस आणि ख्रिस्ती दुसऱ्या बाजूस’ असे करण्याची सवय अनेकांस जडली आहे. बहुसंख्य कॅथलिक दोन पानांच्या बाजूने होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु गोव्यातील कॅथलिकांची संख्या निम्म्याहून बरीच कमी होती. केवळ त्यांच्या मतांवर दोन पाने जिंकणे शक्यच नव्हते. हजारो हिंदू बांधवांनी त्यांच्या खांद्यास खांदा लावला होता. विलीनीकरणाविरुद्ध हिरिरीने लिहिणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मडगावहून निघे, आणि ते निघे मराठीत! पुढे मार्च महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले होते त्यांनीच पुन्हा बांदोडकरांच्या पक्षास सत्तेवर बसविले. जानेवारीत एक कौल आणि मार्चमध्ये दुसरा! माणसाचे मन एका चिन्हात मावत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा तो कोणता? ज्यास आपण ‘तो त्यांच्यातला’ असे म्हणून हातावेगळा करतो, तो शेजारी आपल्या समजुतीपेक्षा नेहमीच मोठा असतो.

या वादाच्या केंद्रस्थानी भाषा होती. कोकणी ही मराठीची बोली, असे एक पक्ष म्हणे. ती स्वतंत्र भाषा आहे, असे दुसरा पक्ष म्हणे. आपण हे पान मराठीत वाचीत आहोत; आपल्यापैकी अनेकांच्या घरी चुलीपाशी कोकणी बोलली जाते. तेव्हा या बाबतीत आपणांस एका थोर धर्मगुरूची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. १६१६ साली राचोल येथे छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत आहे. त्याच धर्मगुरूंची ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही धर्मशिक्षणाची पुस्तिका कोकणीत आहे. ती १६२२ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. कोकणीचे व्याकरणही त्यांनीच रचले. एका माणसाच्या हृदयात दोन्ही भाषांस जागा होती. कारण त्यांस कोणत्याही भाषेवर मालकी सांगावयाची नव्हती. प्रभूची वार्ता लोकांच्या कानी पडावी एवढीच त्यांची तळमळ होती.

ही जाणीव जेथे हरवते तेथे काय घडते, हेही गोव्याने पाहिले आहे. १९८६ साली राजभाषेच्या प्रश्नावरून चळवळ पेटली. त्या वर्षीच्या डिसेंबरात रस्ते अडविले गेले, जाळपोळ झाली आणि काहींस प्राणास मुकावे लागले. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा संमत झाला. देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापरासही त्यात स्थान मिळाले. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाला. कायदा झाला, राज्य झाले. परंतु ज्या घरचा माणूस गेला त्या घरी तो परत आला नाही. नाताळ तोंडावर आलेला असताना शेजाऱ्याने शेजाऱ्यास भ्यावे, ही गोष्ट आम्हां ख्रिस्ती लोकांस लाजविणारी आहे. दोष कोणाचा अधिक, हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. आपल्या वाट्याचा दोष ओळखणे, एवढेच प्रत्येकाच्या हाती आहे, आणि पश्चात्तापाची सुरुवात तेथूनच होते.

अशा वेळी शुभवर्तमानाकडे वळले असता काय दिसते? प्रभू येशूच्या काळी यहुदी आणि शोमरोनी यांच्यात हाडवैर होते. प्रभू यरुशलेमेकडे निघाला असता वाटेतील एका शोमरोनी खेड्याने त्यास आसरा नाकारला. तेव्हा याकोब आणि योहान हे दोघे बंधू संतापले. आकाशातून अग्नी पाडून हे खेडे भस्म करू काय, असे त्यांनी विचारले. प्रभूने वळून त्यांस धमकाविले आणि तो मुकाट्याने दुसऱ्या खेड्यास गेला. संत लूक ही गोष्ट सांगतो. आणि त्याच लूकाने लिहिलेल्या प्रेषितांच्या कृत्यांत या गोष्टीचा उत्तरार्ध आहे. शोमरोन प्रांताने देवाचे वचन स्वीकारल्याचे कळताच प्रेषितांनी तेथे दोघांस पाठविले. एक होता पेत्र, आणि दुसरा होता तोच योहान! ज्या लोकांवर अग्नी पडावा म्हणून त्याने परवानगी मागितली होती, त्यांच्याच मस्तकी हात ठेवून आता त्याने पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना केली. परतताना पेत्र आणि तो शोमरोन्यांच्या पुष्कळ खेड्यांतून शुभवर्तमान सांगत गेले.

वाचकहो, यालाच आम्ही देवकृपा म्हणतो. शोमरोनी लोक यहुदी झाले नाहीत आणि योहान शोमरोनी झाला नाही. बदलले ते योहानाचे हात. जे हात अग्नी मागत होते, ते आशीर्वाद देऊ लागले.

आणखी एक गोष्ट पाहा. प्रभूने निवडलेल्या बारा जणांत मत्तय हा जकातदार होता; रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा म्हणून त्याच्या धंद्याचा लोकांस तिटकारा असे. त्याच बारांत शिमोन होता, ज्याचे विशेषण संत लूक ‘जिलोत’, म्हणजे स्वधर्म आणि स्वदेश यांविषयी जळजळीत आवेश बाळगणारा, असे देतो. बाहेर भेटते तर या दोघांनी एकमेकांकडे पाहिलेही नसते. प्रभूने त्यांस एका मेजावर बसविले. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने मोडलेली भाकर मत्तयाने घेतली आणि शिमोनानेही घेतली. आपण ज्या मिस्साबलिदानात सहभागी होतो ते त्याच मेजावरचे आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी रांगेत उभे असताना आपल्या पुढच्या माणसाने कोणास मत दिले, हे विचारण्याची तेथे सोय नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून निराळी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या डिसेंबरात, म्हणजे गोव्यातील मतकौलाच्या अवघ्या तेरा महिने आधी, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. ऐहिक प्रश्नांवर प्रामाणिक श्रद्धावंतांचे मत एकमेकांहून भिन्न असू शकते, आणि केवळ आपल्याच मताच्या पाठीशी ख्रिस्तसभेचा अधिकार उभा आहे असा दावा कोणीही करू नये, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. राजकारणात किंवा धर्मात आपल्याहून वेगळा विचार करणाऱ्यांविषयीही आदर व प्रीती बाळगावी, असेही ही परिषद बजावते. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ऑक्टोबरात असिसी येथे सही केलेले ‘फ्रातेल्ली तुत्ती’ हे परिपत्रक तर सर्व मानवांच्या बंधुत्वासच वाहिलेले आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देवकृपेने वागणे म्हणजे मत गुंडाळून ठेवणे नव्हे. १९६७ साली ज्यांनी दोन पानांसाठी जिवाचे रान केले त्यांनी पाप केले नाही. ज्यांनी फुलासाठी गावोगाव पायपीट केली त्यांनीही केले नाही. अन्याय दिसत असता गप्प बसणे ही शांती नव्हे, ती भीती होय. सदसद्विवेकास स्मरून मत द्यावे, ते उघडपणे मांडावे, प्रसंगी त्यासाठी झीज सोसावी. फक्त एक भान असू द्यावे : प्रतिपक्षाचे मत खोडता येते, प्रतिपक्षाचा माणूस खोडता येत नाही; कारण तो देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेला आहे.

हे भान घरात कसे उतरावे? आमच्या मते त्यासाठी मोठ्या व्याख्यानांची गरज नाही. निवडणुकीच्या दिवसांत सायंकाळी कुटुंब रोजरीसाठी गुडघे टेकते, तेव्हा वडील माणसाने एक रहस्य प्रतिपक्षाच्या शेजाऱ्यासाठी, त्याचे नाव घेऊन, अर्पण करावे. ज्याचे नाव मुलांनी प्रार्थनेत ऐकले, त्यास शिवी देणे त्यांच्या जिभेस जड जाईल. मोबाइलवर आलेली निंदेची मजल दरमजल धावणारी वार्ता खरी की खोटी याची खात्री नसेल, तर ती आपल्यापाशीच थांबवावी. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा बोटांनाही लागू आहे. आपल्या पक्षासाठी शब्द टाकावा म्हणून धर्मगुरूंस गळ घालू नये. वेदीवर सर्वांचा हक्क आहे. पंचायतीच्या मतदानावरून भावाभावांत अबोला धरला गेला असेल, तर बारशाचे वा लग्नाचे आमंत्रण त्याच घरी आधी न्यावे. आणि निकाल लागल्यावर, जो जिंकला त्याने हरलेल्याच्या दारी प्रथम जावे. हरलेल्यास पहिले पाऊल टाकणे अवघड असते. जिंकलेल्याचे तेवढेच काम सोपे असते, आणि नेमके तेच तो विसरतो.

शेवटी बेळगाव सीमाभागातील आमच्या बांधवांस एक शब्द. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून त्या दिवशी कन्नड बांधव राज्योत्सव साजरा करतात आणि मराठी भाषिकांतील अनेक जण काळा दिवस पाळतात. एकाच शहरात एकाच दिवशी एकीकडे उत्सव आणि दुसरीकडे निषेध! सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे. त्याचा निवाडा येथे करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. परंतु तोच १ नोव्हेंबर आपल्या पंचांगात सर्व संतांचा सण आहे, हे आपण विसरू नये. त्या दिवशीच्या मिस्सेत प्रकटीकरणाच्या पुस्तकातून वाचन होते. सर्व राष्ट्रांतून, सर्व वंशांतून आणि सर्व भाषांतून आलेला, कोणासही मोजता येणार नाही असा समुदाय कोकऱ्याच्या सिंहासनासमोर उभा असल्याचे दर्शन संत योहानास घडले, असे त्यात सांगितले आहे. त्या समुदायाची मोजणी होत नाही. म्हणून तेथे कोणी अल्पसंख्य नाही आणि कोणी बहुसंख्य नाही.

दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, आपण मृतांच्या स्मरणार्थ मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातो. तेथे मराठी, कन्नड व कोकणी बोलणारे आपले पूर्वज एकाच मातीत शेजारी शेजारी विसावले आहेत. आपल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावून झाली की आणखी एक मेणबत्ती शेजारच्या थडग्यावर लावावी. मग ते आयुष्यभर आपल्याविरुद्ध मत दिलेल्या माणसाचे का असेना. त्या क्षणी आपले हात योहानाचे हात होतील.